दरडोई पदकांच्या तक्त्यात न मावणारा ग्रेनाडा

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री पॅरिसमध्ये भालाफेकीची अंतिम फेरी रंगली, तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेली होती आणि तरीही असंख्य घरांत दिवे जळत होते. पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा भाला 92.97 मीटरवर रुतला, आपल्या नीरज चोप्राने 89.45 मीटरच्या फेकीवर रौप्यपदक मिळवले, आणि 88.54 मीटरवर तिसरा आला तो अँडरसन पीटर्स. त्याच्या छातीवर ग्रेनाडा या कॅरिबियन समुद्रातल्या छोट्या बेट-देशाचे नाव होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर एक तक्ता येऊन पडला आणि संध्याकाळपर्यंत तोच तक्ता आणखी चौघांनी पाठवला. देशांची पदके भागिले लोकसंख्या, असा तो हिशेब होता. ग्रेनाडा सर्वांत वर, भारत तळाकडे, आणि खाली एकच वाक्य: लाख-सव्वा लाखांच्या देशाला जमते ते एकशे चाळीस कोटींना का जमत नाही? पुढचे कित्येक दिवस त्यावर जी चर्चा झाली, तिच्यात तीनच सूर होते. काहींना आपली लाज वाटत होती. काहींच्या मते त्या लोकांच्या रक्तातच धावणे आहे, त्यामुळे तुलनेला अर्थ नाही. आणि काहींचे म्हणणे असे की ती पदके ग्रेनाडाची नव्हेतच, अमेरिकेतल्या विद्यापीठांची आहेत. ज्या देशाचे नाव एवढ्या वेळा घेतले गेले, त्या देशाबद्दल मात्र कोणीच काही बोलत नव्हते.

माझे मत मी आधीच स्पष्ट सांगतो. दरडोई पदकांचा हिशेब ग्रेनाडाचा गौरव करत नाही आणि भारताबद्दलही काही शिकवत नाही. तो दोन्ही देशांना अंकगणितात बुडवून टाकतो. ग्रेनाडाची पदके लोकसंख्येच्या तुलनेत केवढी आहेत हा प्रश्न गौण आहे. दहा-अकरा वर्षांचे एक मूल आणि जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक पायरी कोणी बांधली, हा खरा प्रश्न आहे. तो विचारला की असे दिसते की ग्रेनाडाने ही शिडी एकट्याने बांधलेली नाही. तिच्या काही पायऱ्या बेटावर आहेत, काही शेजारच्या बेटांवर आहेत आणि काही समुद्रापार आहेत. लहान देशाने मोठ्या जगात उतरायचे कसे, याचे उत्तर ग्रेनाडाने पन्नास वर्षांत जे शोधले, ते या तक्त्याच्या एका ओळीत मावणारे नाही.

तक्त्याच्या बाजूने जे सर्वांत बळकट म्हणता येईल ते मला मान्य आहे. नेहमीची पदकतालिका श्रीमंत आणि अवाढव्य देशांची मक्तेदारी दाखवते. तिच्यात अमेरिका आणि चीन यांच्यापलीकडे कोणाची नजर जात नाही. लोकसंख्येने भागल्यावर निदान एकदा तरी ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट लुसिया ही नावे वर येतात, आणि ज्यांनी ती कधी ऐकलीही नव्हती असे लोक नकाशा उघडून बसतात. ही गोष्ट लहान नाही. शिवाय आपल्यासारख्या प्रचंड देशाने सहा पदकांवर समाधान मानावे का, हा प्रश्न विचारायला निमित्त मिळते. पण हेतू चांगला असला तरी मोजमाप चुकीचे असू शकते. पॅरिसमध्ये ग्रेनाडाला दोन पदके मिळाली. त्याच प्रमाणात भारताला मिळवायची झाली तर बावीस हजारांहून अधिक पदके लागतील, आणि त्या ऑलिंपिकमध्ये एकूण स्पर्धा होत्या 329. मैदानी खेळांत कोणत्याही एका वैयक्तिक स्पर्धेत एका देशाचे तीनहून अधिक खेळाडू उतरूच शकत नाहीत. म्हणजे माणसे हजारपट झाली तरी दारे हजारपट होत नाहीत. ज्या भागाकारात भाजकाला मर्यादा नाही आणि भाज्याला मात्र कुंपण घातलेले आहे, त्याचे उत्तर काय सांगणार?

याहून मोठा दोष वेगळाच आहे आणि तो पाहायला ग्रेनाडाच्या उत्तरेकडचा शेजारी पुरेसा आहे. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स हा देशही लाखभर वस्तीचा. भाषा तीच, इंग्रजांची सत्ता तीच, उसाच्या मळ्यांचा आणि गुलामगिरीचा इतिहास तोच, क्रिकेटचे वेड तेच. 1988 पासून तो ऑलिंपिकमध्ये उतरतो आणि आजवर त्याला एकही पदक मिळालेले नाही. अँटिग्वा अँड बारबुडालाही नाही. 2003 मध्ये शंभर मीटरचे विश्वविजेतेपद पटकावणारा किम कॉलिन्स ज्या देशाचा, त्या सेंट किट्स अँड नेव्हिसलाही ऑलिंपिक पदक नाही. पॅरिसमध्येच 800 मीटरच्या अंतिम फेरीत सेंट व्हिन्सेंटची शफीका मलोनी 1 मिनिट 57.66 सेकंदांत चौथी आली. तिसरी आलेली केनियाची मेरी मोरा तिच्यापुढे 0.24 सेकंद होती. तेवढा पाव सेकंद इकडचा तिकडे झाला असता, तर शून्य पदकांचा हा देश त्याच तक्त्याच्या पहिल्या काही ओळींत जाऊन बसला असता. आपण भारतीयांना चौथ्या क्रमांकाचे दुःख कोणी समजावून सांगायला नको. 1960 मध्ये रोमला मिल्खा सिंग चौथे आले, 1984 मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथ्या राहिल्या. उषा त्या दिवशी तिसऱ्या आल्या असत्या तरी भारताचा दरडोई आकडा जागचा हलला नसता. लहान देश मात्र एका श्वासाच्या अंतराने तळातून शिखरावर आणि शिखरावरून तळात जातो. जो मापदंड असा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, त्याच्यावर एखाद्या समाजाच्या कर्तृत्वाचा निवाडा करायचा का?

शेजारी देशांची ही शून्ये रक्ताच्या सिद्धान्तालाही उत्तर देतात. हा सिद्धान्त आपल्याकडे फार सहजपणे बोलला जातो: गुलामांच्या जहाजांतून आणि मळ्यांतून जे बळकट होते तेच वाचले, म्हणून त्यांचे वंशज वेगवान. शरीराची ठेवण खेळात महत्त्वाची असते हे मी नाकारत नाही. उंची, स्नायूंची जात, पायांची लांबी या गोष्टी कोणी शिकवून येत नाहीत. पण वंशच कारण असता तर हैतीचे काय करायचे? कॅरिबियनमध्ये ऑलिंपिक पदकांची वाट लवकर दिसलेल्या देशांत हैती आहे. 1924 मध्ये पॅरिसला त्याच्या नेमबाजांनी सांघिक कांस्य मिळवले, 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला सिल्व्हियो कातोरने लांब उडीत रौप्य जिंकले आणि त्याच वर्षी 7.93 मीटरची उडी मारून विश्वविक्रम केला. हैतीची वस्ती आज एक कोटीच्या वर आहे, पूर्वज त्याच आफ्रिकी किनाऱ्यांवरून आणलेले आहेत, आणि 1928 नंतर त्या देशाला एकही पदक मिळालेले नाही. रक्त बदलले नाही. कर्ज, हुकूमशाही आणि अस्थिरता यांनी मुलाच्या पायाखालच्या पायऱ्या तेवढ्या एकेक करून काढून घेतल्या. ग्रेनाडाचे पदकविजेतेही पाहावेत. किरानी जेम्स 400 मीटर धावतो, लिंडन व्हिक्टर डेकॅथलॉनच्या दहा प्रकारांत कस लावतो, पीटर्स भाला फेकतो. या तिघांच्या शरीराचा घाट एक नाही आणि कौशल्य तर मुळीच एक नाही. भालाफेक ही कित्येक दशके फिनलंड आणि युरोपातील इतर देशांची मिरास मानली जात होती. पॅरिसच्या विजयमंचावर पाकिस्तान, भारत आणि ग्रेनाडा उभे होते. त्या तिघांचे समान रक्त कोणते? रक्ताची गोष्ट सांगणाऱ्यांचा हेतू अनेकदा कौतुकाचा असतो हे मी जाणतो. पण या कौतुकात मळेवाल्याची जुनी नजर लपलेली आहे: माणसाचे अंग मोजायचे आणि त्याचे श्रम, त्याचे शिक्षक, त्याची शाळा, त्याचे निर्णय यांना हिशेबातून वगळायचे.

तर मग ग्रेनाडाचा इतिहास काय सांगतो? हा देश 344 चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा. त्याच्या झेंड्यावर जायफळ आहे. आपण पुरणात आणि श्रीखंडात किसून घालतो तेच जायफळ. 7 फेब्रुवारी 1974 रोजी देश स्वतंत्र झाला. कॅरिबियन बेटांवरचे कित्येक खेळाडू जगापुढे आले ते मात्र त्यांचे देश स्वतंत्र होण्याच्या आधीच. जमैकाच्या आर्थर विंटने 1948 मध्ये लंडनला 400 मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा जमैका ही वसाहतच होती आणि विंट इंग्लंडच्या हवाई दलात राहून आलेला होता. पुढे इंग्रजी भाषक बेटांनी मिळून वेस्ट इंडीज संघराज्य उभारले. ते 1958 ते 1962 असे जेमतेम चार वर्षे टिकले, पण त्या चार वर्षांत 1960 चे रोम ऑलिंपिक आले आणि तीन जमैकन आणि एक बार्बेडियन अशा चौघांनी 4 बाय 400 मीटर रिलेत कांस्यपदक मिळवले. ज्या ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग चौथे आले तेच हे ऑलिंपिक. देश मोडला, पदक राहिले. राजकारणात जे एकत्र नांदू शकले नाही ते क्रिकेटमध्ये मात्र आजही एकत्र आहे, आणि मराठी वाचकाला कॅरिबियन माहीत आहे ते मुख्यतः त्याच रूपात. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने ज्यांना त्यांच्या घरी हरवले आणि सुनील गावसकरांनी ज्यांच्याविरुद्ध 774 धावा काढल्या, तो ‘वेस्ट इंडीज’ कोणताही देश नव्हता. ग्रेनाडाचा पहिला कसोटीपटू, यष्टिरक्षक ज्युनियर मरे, 1993 मध्ये खेळला तोही याच संघाकडून. क्रिकेटमध्ये बेटे आपले झेंडे खाली ठेवतात आणि ऑलिंपिकमध्ये उंचावतात. कुठे एकत्र यायचे आणि कुठे वेगळे उभे राहायचे हे ठरवण्याची ही रीत अनुभवातून आलेली आहे, आणि म्हणूनच ‘एक देश, इतकी माणसे, इतकी पदके’ हा हिशेब कॅरिबियनला लागूच पडत नाही.

वेगळे उभे राहण्याची किंमत ग्रेनाडाला फार लवकर कळली. 1979 मध्ये मॉरिस बिशप यांच्या नेतृत्वाखाली तिथे क्रांती झाली; 19 ऑक्टोबर 1983 रोजी सत्तेतल्याच एका गटाने बिशप यांना संपवले आणि 25 ऑक्टोबरला अमेरिकेचे सैन्य बेटावर उतरले. त्यानंतर नऊ महिन्यांनी, 28 जुलै 1984 रोजी, लॉस एंजेलिसच्या मैदानावर ग्रेनाडाचा चिमुकला संघ इतिहासात पहिल्यांदा ऑलिंपिकच्या संचलनात चालला. ज्या देशाच्या सैनिकांनी त्यांच्या बंदरांवर ताबा मिळवला होता त्याच देशात, त्याच देशाच्या प्रेक्षकांसमोर. सोव्हिएत रशियाने आणि क्युबाने त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता, म्हणजे बिशप यांचे मित्र तिथे नव्हते. त्या खेळाडूंच्या मनात काय चालले असेल याची कल्पना मी करू शकत नाही, आणि करू नये असेही मला वाटते. पण एक गोष्ट नक्की सांगता येते. त्यांना पदक मिळण्याची शक्यता नव्हती, तरीही त्यांचे तिथे चालणे निरर्थक नव्हते. वर्षभरापूर्वी ज्या देशाचे अस्तित्व इतरांच्या नकाशांवर आणि इतरांच्या भाषणांत ठरवले जात होते, तो देश आपले नाव स्वतःच्या कापडावर लिहून जगासमोर उभा राहिला होता. दरडोई तक्त्यात या प्रवेशाची किंमत शून्य आहे. 1984 ते 2008 या सात ऑलिंपिकचीही किंमत शून्यच आहे, कारण त्या काळात पदक नव्हते. पण शिडी त्याच वर्षांत उभी राहत होती.

या शिडीची पहिली पायरी शाळा. इंग्रजी अमलाखाली राहिलेल्या बेटांवर शाळेतल्या ‘हाउस’च्या शर्यती आणि त्यावरची आंतरशालेय स्पर्धा हा वर्षाचा मोठा सण असतो. ग्रेनाडात माध्यमिक शाळांच्या स्पर्धेला ‘इंटरकॉल’ म्हणतात आणि तिच्यासाठी मैदान माणसांनी फुलून जाते. बेट लहान असण्याचा खरा फायदा इथे आहे, आणि तो आकड्यांत दिसत नाही: कोणतेही मूल राजधानीच्या मैदानापासून काही तासांच्याही अंतरावर नसते, त्यामुळे वेगाने धावणारे मूल नजरेतून सुटत नाही. दुसरी पायरी कॅरिफ्टा स्पर्धा. 1972 मध्ये बार्बाडोसच्या ऑस्टिन सिली यांनी सुरू केलेली ही कॅरिबियन किशोरांची मैदानी स्पर्धा दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत भरते. 2004 मध्ये बर्म्युडात याच स्पर्धेत सतरा वर्षांच्या उसेन बोल्टने 200 मीटर 19.93 सेकंदांत पार केले होते. ग्रेनाडाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जमैका, त्रिनिदाद, बहामाज यांच्या सर्वोत्तम मुलांशी दरवर्षी धावायला मिळते, तेही विमानाच्या छोट्याशा प्रवासाच्या अंतरावर. ही सोय ग्रेनाडा एकटा कधीच करू शकला नसता. लंडनमध्ये 6 ऑगस्ट 2012 रोजी 400 मीटरच्या अंतिम फेरीत काय झाले ते पाहावे: पहिला ग्रेनाडाचा किरानी जेम्स, दुसरा डॉमिनिकन रिपब्लिकचा, तिसरा त्रिनिदादचा, चौथा बहामाजचा. एका प्रदेशाने शर्यत जिंकली होती, आणि पदके मात्र वेगवेगळ्या देशांच्या खात्यांत लिहिली गेली.

जेम्सची वाट जवळून पाहण्यासारखी आहे. तो गुयाव्ह गावचा. हे मच्छीमारांचे गाव आहे आणि बेटावरचे जायफळ निवडून, वाळवून गोण्यांत भरण्याचे मोठे केंद्रही तिथेच आहे. 1 सप्टेंबर 2004 रोजी तो बारा वर्षांचा झाला. त्याच्या काहीच दिवस आधी अथेन्समध्ये ग्रेनाडाचा अलेन फ्रान्सिक 400 मीटरच्या अंतिम फेरीत चौथा आला होता. त्याच वर्षी फ्रान्सिक बंदिस्त मैदानावरचा विश्वविजेता ठरला होता. म्हणजे आपल्या बेटावरचा माणूस या अंतरात जगाशी बरोबरी करू शकतो हे त्या पिढीने पाहिले होते. आणि जेम्सच्या वाढदिवसानंतर सहाच दिवसांनी, 7 सप्टेंबरला, आयव्हन हे चक्रीवादळ ग्रेनाडावर कोसळले. दहातल्या नऊ घरांचे नुकसान झाले, राष्ट्रीय मैदान उद्ध्वस्त झाले, आणि बेटाला चार पैसे मिळवून देणारी जायफळाची झाडे उन्मळून पडली. इंडोनेशियाच्या खालोखाल जगात जायफळ पिकवणाऱ्या देशाचा कणाच मोडला. जायफळाचे रोप लावले की पहिले फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. वादळानंतर लावलेली रोपे फळायला लागली त्याच सुमारास, वयाच्या अठराव्या वर्षी, 2011 मध्ये देगूला जेम्स विश्वविजेता झाला. पुढच्या वर्षी 43.94 सेकंदांत ऑलिंपिक विजेता. 44 सेकंदांच्या आत 400 मीटर धावणारा तो पहिला बिगर-अमेरिकन. त्या विजयानिमित्त सरकारने अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. पण मला त्या स्पर्धेतले दुसरेच दृश्य आठवते. आदल्या दिवशीच्या उपान्त्य फेरीनंतर जेम्स वळून शेवटच्या क्रमांकावर आलेल्या ऑस्कर पिस्टोरियसकडे गेला आणि कृत्रिम पायांवर धावणाऱ्या त्या धावपटूशी त्याने छातीवरच्या नावाच्या पट्टीची अदलाबदल केली. पिस्टोरियस पुढे आपल्या प्रेयसीच्या हत्येसाठी दोषी ठरला हे आपल्याला माहीत आहे. त्या संध्याकाळी ते कोणालाच माहीत नव्हते. एकोणीस वर्षांचा तो मुलगा स्पर्धकाचा आदर करायला कुठे तरी शिकला होता, आणि ते शिकवणारे लोक गुयाव्हमध्येच होते.

या वाटेवरची एक पायरी पुण्यात होती, हे आपल्या वादात कोणालाच आठवले नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात भरल्या आणि सोळा वर्षांच्या किरानी जेम्सने बालेवाडीच्या मैदानावर 400 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी पोलंडमध्ये कुमारांच्या जागतिक स्पर्धेत, पंधराव्या वर्षी, 45.70 सेकंदांची वेळ नोंदवून त्याने रौप्य मिळवले होते. लाखभर वस्तीच्या देशाने एका शाळकरी मुलाला सातासमुद्रापार पुण्याला धाडले, कारण त्याला पुढची पायरी हवी होती.

आता अमेरिकन विद्यापीठांचा मुद्दा. तिन्ही सुरांत हा सर्वांत वजनदार आहे आणि त्यातले तथ्य नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेम्स अलाबामा विद्यापीठाकडून धावला, व्हिक्टर टेक्सास ए अँड एममध्ये घडला, पीटर्स मिसिसिपी स्टेटमध्ये. प्रशिक्षक, आहार, वैद्यकीय सेवा, व्यायामशाळा हे सारे अमेरिकेच्या खर्चाने झाले. पण विद्यापीठ कोणाला शिष्यवृत्ती देते? पंधराव्या वर्षी 45.70 सेकंदांत धावणाऱ्याला देते. तोपर्यंतचा सगळा खर्च, सगळी निगराणी आणि सगळी निवड बेटाची असते. शिवाय हा व्यवहार एकतर्फी नाही. कॅरिबियनने जगाला दिलेल्या पायांचा हिशेब कोणी मांडतो का? 1992 मध्ये ब्रिटनसाठी शंभर मीटरचे सुवर्ण जिंकणारा लिनफर्ड क्रिस्टी, 1996 मध्ये कॅनडासाठी जिंकणारा डोनोव्हन बेली, 2012 मध्ये अमेरिकेसाठी 400 मीटर जिंकणारी सान्या रिचर्ड्स-रॉस, हे तिघेही जमैकात जन्मलेले. त्यांची पदके ब्रिटनच्या, कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या लोकसंख्येने भागली जातात. ज्यांच्या पूर्वजांना बळजबरीने इकडे आणले आणि ज्यांच्या पुढच्या पिढ्या पोटासाठी पुन्हा देश सोडून गेल्या, त्या समाजाचे खेळाडू परक्या शिडीवरून वर चढले तर त्यात उसनवारी कसली? जेम्सला दुसऱ्या देशाकडून धावता आले असते की नाही हे मला माहीत करून घ्यायचेच नाही. तो ग्रेनाडाकडून धावला. 2016 मध्ये रिओला रौप्य, मग थायरॉइडचा गंभीर आजार, आणि त्यातून उठून 2021 मध्ये टोकियोला कांस्य. 400 मीटरमध्ये तिन्ही रंगांची ऑलिंपिक पदके मिळवणारा तो पहिला पुरुष धावपटू ठरला.

कोणी विचारेल की वादळात घरे गमावलेल्या देशाने मैदानांवर पैसा खर्च करावा का. ग्रेनाडाची मैदाने पुन्हा उभी राहिली ती मोठ्या प्रमाणावर चीनच्या मदतीने, आणि त्यामागे राजकारण होते. 2005 मध्ये ग्रेनाडाने तैवानची साथ सोडून चीनला मान्यता दिली होती. अशी मदत फुकट येत नसते, हे खरे आहे. तरीही जेम्सचे नाव दिलेल्या त्याच मैदानावर 2016 आणि 2024 मध्ये कॅरिफ्टा स्पर्धा भरल्या. गुयाव्हच्या मुलांना आपल्या बेटावर, आपल्याच माणसाच्या नावाच्या मैदानात अख्ख्या कॅरिबियनची मुले धावताना दिसली.

भारताबद्दल याचा अर्थ काय? माझ्या मते आपण तुलना करायचीच असेल तर देशाशी देशाची करू नये. मोठ्या देशाच्या पोटातही बेटे असतात. 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्य मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या तालमींत घडलेले. त्यांना पाठवण्यासाठी वर्गणी गोळा झाली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवले. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते थेट 2024 मध्ये, नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या रूपाने. तोही कोल्हापूर जिल्ह्यातला, राधानगरीजवळच्या कांबळवाडीचा, आणि राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेला. दोन्ही वेळा एकशे चाळीस कोटींचा किंवा बारा कोटींचा काही संबंध नव्हता. एकदा तालीम आणि गावाची वर्गणी होती, एकदा प्रबोधिनी होती. पायरी होती तिथून माणूस वर गेला. बालेवाडीसारखे मैदान पुण्यात 1994 पासून उभे आहे. तिथून दोनशे किलोमीटरवरच्या एखाद्या वाडीतल्या शाळेतली मुलगी वेगाने धावते हे कोणाच्या लक्षात येते, कोण तिला तालुक्याला नेते, तालुक्याहून जिल्ह्याला जाताना तिच्या प्रवासाचे पैसे कोण भरतो, आणि परीक्षेच्या महिन्यात तिचा सराव कोण चालू ठेवतो, हे प्रश्न विचारले तर उत्तरे मिळतील आणि ती उत्तरे अस्वस्थ करतील. लोकसंख्येने भागून मिळणारी लाज मात्र दोन दिवसांत विरून जाते, कारण त्या लाजेत करण्यासारखे काहीच नसते.

पॅरिसमध्ये 3 ऑगस्टच्या एकाच संध्याकाळी कॅरिबियनच्या दोन छोट्या बेटांना त्यांची पहिली ऑलिंपिक पदके मिळाली, तीही सुवर्ण. सेंट लुसियाच्या जुलिएन आल्फ्रेडने शंभर मीटर 10.72 सेकंदांत जिंकले. चौदाव्या वर्षी घर सोडून ती शिकायला आणि धावायला जमैकाला गेली होती, मग टेक्सासला. आणि सुमारे सत्तर हजार वस्तीच्या डॉमिनिकाची थिया लाफाँड तिहेरी उडीत 15.02 मीटरवर उतरून विजेती ठरली. सुवर्णपदकांचा दरडोई तक्ता दुसऱ्याच दिवशी तयार झाला आणि त्यात डॉमिनिका जगात पहिला आला. लाफाँडला पत्रकारांनी गाठले तेव्हा ती आनंदाने बोलत होती आणि त्याच बोलण्यात ती आपल्या देशाकडे एक मागणी करत होती. डॉमिनिकात मैदानी खेळांसाठी सिंथेटिक ट्रॅक नव्हता. तिथल्या मुलांना सरावासाठी तो मिळावा, एवढेच तिचे म्हणणे होते.